व्यक्तिचित्र काढून घेताना

पनवेलमध्ये लाइन आळी, प्रभू आळीतील जुन्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. सिडकोच्या वसाहती वाढल्या. विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी गावे उठली आणि करंजाडे, वडघर, पुष्पकनगरकडे वसली. घर बदलताना जुने सामान मोडीत निघते; भिंतीवरचा आजी-आजोबांचा फोटो मात्र सहसा कोणी टाकत नाही. कडेने पिवळा पडलेला, ओल लागून काचेला चिकटलेला तो कागद नव्या सदनिकेच्या भिंतीवर कसा लावावा, असा प्रश्न पडतो आणि घरातील कोणी तरी सुचवते, की एखाद्या चित्रकाराकडून तैलचित्रच करून घ्यावे.

कल्पना चांगली असते, पण पुढची वाट बहुतेकांना ठाऊक नसते. घर रंगवून घेण्याचा, लग्नाचे फोटो काढून घेण्याचा अनुभव प्रत्येक कुटुंबाला असतो. व्यक्तिचित्र काढून घेण्याचा प्रसंग आयुष्यात एखाद्या वेळीच येतो. त्यातही ज्याचे चित्र काढायचे तो माणूस बहुधा हयात नसतो. चेहरा चुकला तर समोर बसवून पुन्हा पाहण्याची सोय नाही, आणि चुकलेला चेहरा रोज डोळ्यांसमोर राहणार. म्हणूनच पैशांची बोलणी करण्याआधी काही गोष्टी घरातच ठरवून घेणे गरजेचे ठरते.

फोटो मोठा करणे वेगळे

व्यक्तिचित्र म्हणजे रंगवलेला फोटो, हा समज सर्वत्र आढळतो. त्याला कारणही आहे. रंगीत फोटोग्राफी घरोघरी पोहोचण्यापूर्वी स्टुडिओवाले कृष्णधवल फोटो मोठा करून त्यावर हाताने रंग चढवून देत. गालावर लाली, साडीच्या काठाला हिरवा, पाठीमागे निळसर पडदा. त्या कामात कौशल्य होते, परंतु चेहरा कॅमेऱ्याने टिपलेलाच राही. चित्रकार चेहरा नव्याने रचतो. कपाळाचा उतार कोठे वळतो, डोळ्याखालची सावली किती गडद ठेवायची, ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे की नुसती सवय, हे त्याला ठरवावे लागते. फोटोत एका क्षणाचा चेहरा असतो आणि तो क्षण कधी कधी त्या माणसाला न शोभणाराही असतो. चांगले व्यक्तिचित्र पाहून घरची माणसे "हे अगदी असेच बसायचे" असे म्हणतात, ते नाकाच्या लांबीमुळे नव्हे.

हा फरक ग्राहकाच्या लक्षात आला नाही, तर पुढे तक्रार ठरलेली. ज्यांना फोटोबरहुकूम प्रत हवी आहे, त्यांनी उत्तम डिजिटल छपाई करून घ्यावी. ती स्वस्त पडते आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पेशव्यांपासून विधान भवनापर्यंत

समोर बसून आपले चित्र काढून घेण्याची पाश्चात्त्य रीत मराठी मुलखात आली ती पुण्याच्या दरबारात. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२च्या सुमारास पुण्यात दाखल झाला. त्याने सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची तैलचित्रे काढली. पेशवे व नाना यांचे एकत्र चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. मुंबईहून पुण्याला जाण्याची त्या काळातली नेहमीची वाट मचव्याने पनवेल बंदर आणि तेथून बोरघाट अशी होती. तैलरंगातील व्यक्तिचित्रण पुण्याला पोहोचले ते याच वाटेवरच्या वर्दळीच्या काळात. शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली आणि गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार वेल्सच्या हाताखाली तयार झाला. वेल्स १७९५मध्ये वारला.

पुढे १८५७मध्ये मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि समोरचा माणूस पाहून रंगवण्याचे शिक्षण रीतसर मिळू लागले. संस्थानिकांचा आश्रय होताच. १८८१मध्ये सयाजीराव गायकवाडांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास राजा रविवर्मा यांना बडोद्याला बोलावणे गेले आणि त्यांनी राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आबालाल रहिमान यांना आश्रय दिला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी तर स्वतःच चित्रकार होते. मुंबईत पेस्तनजी बोमनजी, पिठावाला, त्रिंदाद यांच्यापाशी धनिक कुटुंबे चित्रासाठी बसत. सावंतवाडीहून आलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९०८मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि या विद्येत पुढची पिढी घडवली.

स्वातंत्र्यानंतर संस्थानिक गेले आणि त्यांची जागा संस्थांनी घेतली. नगरपालिका, बँका, शाळा, न्यायालये यांच्या सभागृहांत तैलचित्रे लागू लागली. 'तैलचित्राचे अनावरण' हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांत आजही महिन्यातून चार वेळा तरी छापला जातो. मुंबईचे चित्रकार वासुदेव कामत यांना २००६मध्ये 'पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिका' या संस्थेचा सर्वोच्च ड्रेपर पुरस्कार मिळाला तो पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ही विद्या महाराष्ट्रात जिवंत आहे, याला आणखी दाखला नको. अडचण चित्रकार मिळण्याची नसते, त्याच्यापुढे नेमके काय मागायचे याची असते.

कोणते वय, कोणता वेष?

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रे आहेत. एकात ते पुरुषवेषात आहेत, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. रंगमंदिर १९६८मध्ये खुले झाले, त्याच्या आदल्या वर्षी बालगंधर्वांचे निधन झाले होते. ज्या नटाला महाराष्ट्राने रुक्मिणी, भामिनी म्हणून डोक्यावर घेतले, त्याचे एकच चित्र लावले असते तर निम्मे प्रेक्षक अस्वस्थ राहिले असते. दोन चित्रांनी तो पेच सुटला.

घरगुती चित्रात दोन कॅनव्हासची चैन परवडत नाही, म्हणून हा निर्णय आधी घ्यावा लागतो. आजोबा कोणते? मिठागरावर किंवा भातशेतीत राबणारे पस्तिशीतले की नातवंडांना आठवणारे, काठी टेकून ओटीवर बसलेले? मुलांना वडील तरुण हवे असतात, नातवंडांना म्हातारे. आई नऊवारीत असावी की नोकरीच्या दिवसांतल्या पाचवारीत? टोपी, उपरणे, चष्मा, नथ, कुंकवाचा आकार, हातातली अंगठी हे तपशील ओळखीत फार मोठा वाटा उचलतात. आयुष्यभर चष्मा लावणाऱ्या माणसाला चित्रात चष्म्याविना बसवले की चेहरा बरोबर असूनही घरचे लोक त्याला परका मानतात. याउलट, कधीही न घातलेला कोट केवळ रुबाबासाठी चढवला तर चित्र एखाद्या संस्थेच्या माजी अध्यक्षांचे वाटू लागते.

घरातील दोन-तीन जाणत्या माणसांनी एकत्र बसून हे ठरवावे आणि चित्रकाराशी बोलण्यासाठी त्यांपैकी एकालाच नेमावे. सहा भावंडांनी सहा दूरध्वनी करून सहा सूचना दिल्या, की चित्रातला चेहरा कोणाचाच राहत नाही.

एकुलता एक फोटो

दिवंगत व्यक्तीचे चित्र फोटोवरूनच काढावे लागते आणि त्यात गैर काही नाही. जुन्या संसद भवनाच्या, म्हणजे आताच्या संविधान सदनाच्या मध्यवर्ती सभागृहातील लोकमान्य टिळकांचे तैलचित्र देऊसकरांचे आहे. त्याचे अनावरण १९५६मध्ये झाले. टिळक १९२०मध्ये वारले तेव्हा देऊसकर लहान होते. सारा आधार फोटो आणि जाणकारांच्या आठवणी यांचाच.

मात्र टिळकांचे पुष्कळ फोटो उपलब्ध होते. सामान्य घरात कधी कधी शिधापत्रिकेवरचा किंवा मतदार ओळखपत्रावरचा तेवढाच एक फोटो सापडतो. अशा वेळी नातेवाइकांकडे शोध घ्यावा. लग्नाच्या गटफोटोत मागच्या रांगेत, शाळेच्या समारंभात, कोणाच्या तरी बारशात तो चेहरा सापडण्याची शक्यता असते. मुख्य चित्र ज्यावरून करायचे तो फोटो स्पष्ट असावा. इतर अस्पष्ट फोटोही चित्रकाराला द्यावेत, कारण मान धरण्याची ढब, खांद्यांचा उतार, कानाची ठेवण त्यांतून कळते.

फोटो चित्रकाराकडे पोहोचवण्याची रीत महत्त्वाची आहे. भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाइलने काढलेला फोटो कामाचा नसतो. काचेवर खिडकीचा उजेड आणि काढणाऱ्याचे प्रतिबिंब येते. फ्रेम उघडून मूळ कागद स्कॅन करून घ्यावा, लहान फोटो असेल तर किमान ६०० डीपीआयवर. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नये, चेहऱ्यासकट पापुद्रा निघतो. तो तसाच जाणकाराकडे न्यावा. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना फाइल आकसते, म्हणून ती 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ई-मेलने धाडावी.

जुन्या कृष्णधवल फोटोत आणखी एक गफलत दडलेली असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचलित असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा व फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे लाल कुंकू काळे, लाल साडी गडद आणि तांबूस गव्हाळ वर्ण प्रत्यक्षापेक्षा सावळा उमटे. त्या फोटोवरून रंग ठरवला तर पणजी विनाकारण सावळी होते. त्यातच स्टुडिओतला कारागीर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसत असे. तेव्हा वर्ण कोणासारखा होता, डोळे काळे की घारे, केसांत पांढरे किती, हे आठवणीने सांगावे. त्याच वळणाच्या चेहऱ्याचे आणि वर्णाचे कोणी नातलग असतील तर चित्रकाराची त्यांच्याशी एकदा भेट घडवावी. अनुभवी चित्रकार हे स्वतःहून मागतात.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचे अॅप वापरून अंधूक फोटो 'स्पष्ट' करून देण्याची टूम निघाली आहे. या अॅपला मूळ माणूस ठाऊक नसतो. जेथे माहिती नाही तेथे ते लाखो चेहऱ्यांवरून बेतलेला कातडीचा पोत, पापण्या, दात भरून टाकते. निकाल देखणा येतो आणि माणूस दुसराच असतो. असा सुधारलेला फोटो द्यायचाच असेल तर मूळ फोटोसोबत द्यावा, त्याऐवजी देऊ नये.

फोटोच नसलेल्या व्यक्तींचे चित्र हा स्वतंत्र विषय आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र म्हणून एके काळी भलत्याच सरदाराचे, इब्राहिम खानाचे चित्र प्रचारात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून महाराजांचे विश्वसनीय चित्र शोधून १९३३मध्ये लोकांपुढे आणले, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. पणजोबांच्या बाबतीत बेंद्रे मिळणे कठीण. केवळ वर्णनावरून काढलेले चित्र कल्पनाचित्रच राहते आणि चित्राच्या मागे तसे लिहून ठेवणे प्रामाणिकपणाचे.

समोर बसायचे असेल तर

आई-वडील हयात असतील तर त्यांना चित्रकारासमोर बसवण्यासारखे दुसरे काही नाही. एका बैठकीला साधारण दीड-दोन तास लागतात, मध्ये दर वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती. वृद्धांना हे जड जाईल असे वाटते. प्रत्यक्षात गप्पा मारत बसण्याचे काम त्यांना आवडते आणि त्या गप्पांतच चित्रकाराला चेहरा सापडतो. सगळे चित्र बैठकांत पूर्ण करणारे थोडे. बहुतेक जण एक-दोन बैठकांत चेहऱ्याचा अभ्यास करतात, वर्णाच्या छटा टिपतात, स्वतः फोटो काढतात आणि उरलेले काम स्टुडिओत करतात. हा मध्यममार्ग व्यवहार्य आहे.

बैठकीसाठी उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड चांगला, तो दिवसभर फारसा बदलत नाही. छतावरच्या दिव्याखाली डोळ्यांत खळगे दिसतात. मोबाइलने फोटो काढायचा झाल्यास अगदी तोंडाजवळ धरू नये. जवळून नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. सहा-आठ फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवरून, फ्लॅश न वापरता घ्यावा. हातांचा फोटो वेगळा काढावा. ज्यांनी आयुष्यभर हातांनी काम केले त्यांचे हात चित्रात असणे चेहऱ्याइतकेच बोलके असते. अर्थात हात रंगवणे अवघड असल्याने त्याचा मोबदलाही वाढतो.

चित्रकाराची पारख

पनवेल परिसरात शाळा-महाविद्यालयांतील कलाशिक्षक, जे. जे. मध्ये शिकलेले व हार्बर मार्गावर ये-जा करणारे व्यावसायिक चित्रकार आणि एके काळी फलक रंगवणारे पेंटर असे तिन्ही प्रकारचे लोक हे काम करतात. फ्लेक्स येण्यापूर्वी पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक हातानेच रंगत आणि शिडीवर उभे राहून दहा फुटी चेहरा जुळवणाऱ्या पेंटरांची नजर कच्ची नव्हती. फ्लेक्सने ती रोजी बुडवली. त्यामुळे पदविका पाहून निवड करण्यापेक्षा काम पाहून करावी.

काम पाहायचे म्हणजे प्रत्यक्ष. मोबाइलच्या पडद्यावर सगळीच चित्रे बरी दिसतात. चित्रकाराकडे गेल्यावर एखादे चित्र आणि ज्यावरून ते केले तो फोटो शेजारी ठेवून दाखवण्यास सांगावे. नटनट्यांची, देवादिकांची चित्रे बाजूला ठेवून साध्या माणसांची चित्रे पाहावीत; प्रसिद्ध चेहऱ्यात साम्य नसले तरी पाहणारा मनाने ते भरून काढतो. सगळ्या चित्रांतील माणसे एकमेकांची भावंडे वाटत असतील तर चित्रकाराचा हात एकाच साच्यात बसला आहे असे समजावे. मुंबईला जाणे होत असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालनात एक फेरी मारावी. अलिबाग तालुक्यात सासवणे येथे शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचे शिल्पसंग्रहालय आहे. ओळखीच्या, साध्या माणसांचे चेहरे कसे पाहावेत याचा तो रायगडातला सर्वांत जवळचा वस्तुपाठ.

फसवणुकीचा एक प्रकार सांगून ठेवायला हवा. फोटो कॅनव्हासवर छापायचा, वरून पारदर्शक जेल किंवा थोडा रंग ब्रशने फिरवायचा आणि 'हँडमेड ऑइल पेंटिंग' म्हणून विकायचे. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त चित्रांत हे आढळते. भिंगातून पाहिल्यास छपाईचे ठिपके दिसतात. तिरप्या उजेडात पाहिल्यास ब्रशचे फटकारे आणि खालचा चेहरा यांचा मेळ बसत नाही. साधा उपाय म्हणजे कोळशाचे रेखाटन, पहिला रंग, निम्मे काम अशा टप्प्यांवर चित्र पाहण्याची अट सुरुवातीसच घालणे.

माध्यम, आकार, मोबदला

दीर्घकाळ टिकण्यासाठी तैलरंग हे कसोटीला उतरलेले माध्यम आहे. जवसाच्या तेलात घोटलेला हा रंग सावकाश वाळतो, त्यामुळे वर्णाच्या छटा एकमेकींत मिसळता येतात. अॅक्रिलिक झटपट वाळते, वास येत नाही, मुदत कमी असेल तर सोयीचे. जलरंग आणि पेस्टल यांना काचेखाली ठेवावे लागते. कोळशाचे किंवा पेन्सिलचे चित्र खर्चाला हलके असते आणि चांगल्या हाताचे असेल तर मध्यम तैलचित्रापेक्षा कितीतरी सरस ठरते. ही गोष्ट ग्राहक फारशी लक्षात घेत नाहीत.

आकार भिंत पाहून ठरवावा. चेहरा व खांदे यांसाठी १८ बाय २४ इंच पुरेसे होते, हातांसह अर्धाकृतीसाठी ३० बाय ४० इंचांच्या आसपास. चित्रातला चेहरा प्रत्यक्ष चेहऱ्याहून मोठा झाला की लहान खोलीत तो अंगावर येतो.

मोबदला आकार, माणसांची संख्या, हात व पार्श्वभूमीचे तपशील आणि चित्रकाराचा लौकिक यांवर ठरतो; काही हजारांपासून काही लाखांपर्यंत काहीही असू शकतो. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली चित्र ताब्यात घेताना ही पद्धत सर्वमान्य आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोशुआ रेनॉल्ड्सही आकारानुसार दर लावी आणि पहिल्या बैठकीलाच निम्मे पैसे घेई. फ्रेम, वाहतूक व व्हर्निश यांचा खर्च धरला आहे की नाही, ते विचारून घ्यावे. वाद बहुतेक वेळा फ्रेमवरून होतो.

कागदावर काय असावे?

ओळखीतला चित्रकार असला तरी एका पानाचे लेखी टिपण करावे. माध्यम, आकार, कोणत्या फोटोवरून, किती टप्प्यांवर पाहायचे, किती दुरुस्त्या मोबदल्यात धरलेल्या आहेत, मुदत आणि रक्कम. दुरुस्तीची मर्यादा दोन्ही बाजूंना सोयीची. काम मध्येच थांबले तर आगाऊ रकमेचे काय, हेही लिहावे.

स्वामित्वहक्काबाबत सर्वसाधारण समज कायद्याच्या उलट आहे. चित्राचा हक्क चित्रकाराकडेच राहतो असे मानले जाते. परंतु १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ (ब) नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन व्यक्तिचित्र काढले असेल आणि वेगळा करार नसेल, तर स्वामित्वहक्काचा पहिला मालक चित्र काढून घेणाराच असतो. मोबदल्याने काढवलेल्या फोटोलाही तेच कलम लागू होते. चित्रकाराने ते चित्र दिनदर्शिकेवर किंवा जाहिरातीत छापायचे म्हटले तर कुटुंबाची परवानगी लागते. प्रदर्शनात मांडण्याची मुभा मात्र मनमोकळेपणाने द्यावी, त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. चित्र भेट म्हणून, विनामोबदला काढलेले असेल तर हे कलम लागू होत नाही.

हक्क कुटुंबाकडे आला तरी चित्रकार पुसला जात नाही. कलम ५७ नुसार आपले नाव लावण्याचा आणि चित्राची मोडतोड रोखण्याचा त्याचा अधिकार कायम राहतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून खराब केल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी केंद्र सरकारविरुद्ध दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये त्यांच्या बाजूने निकाल देऊन पाच लाख रुपयांची भरपाई देवविली. नाक आवडले नाही म्हणून दुसऱ्या पेंटरकडून ते 'सुधारून' घेण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावे.

पसंती कोणाची?

१९५४मध्ये विन्स्टन चर्चिल यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी ब्रिटिश संसदेने त्यांना ग्रॅहम सदरलँड यांनी काढलेले व्यक्तिचित्र समारंभपूर्वक भेट दिले. चित्र देणारी संसद, काढणारा नामवंत, आणि ज्याचे चित्र त्याला ते मुळीच आवडले नाही. पुढे चर्चिल यांच्या पत्नीने ते गुपचूप नष्ट करवले. महाराष्ट्रातही २३ जानेवारी २०२३ रोजी विधान भवनात बाळासाहेब ठाकरे यांच्या तैलचित्राचे अनावरण झाले आणि चेहरा हुबेहूब उतरला की नाही, यावर जाहीर चर्चा रंगली. ज्यांना लाखो लोकांनी पाहिले त्यांच्याबाबत हे घडते, तर चार भावंडांच्या आठवणीतील वडिलांबाबत मतभेद होणे स्वाभाविक आहे.

अनुभवी चित्रकार यावर एक तोडगा वापरतात. रंग चढवण्यापूर्वी कोळशाच्या रेखाटनावरच कुटुंबाची संमती घेतात. त्या टप्प्यावर डोळा अर्धा इंच सरकवणे क्षणाचे काम. रंगानंतर तेच दोन दिवसांचे. पाहणाऱ्यांनीही 'कुठे तरी चुकले आहे' असे मोघम बोलू नये. जिवणी रुंद झाली, भुवया जास्त दाट आहेत, मान ताठ आहे, असे बोट ठेवून सांगावे. चित्र आरशात उलटे पाहिल्यास चूक चटकन दिसते. पहिल्याच नजरेत निकाल न देता दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. नवे चित्र सुरुवातीस परकेच वाटते.

पुण्यतिथी, जयंती, वास्तुशांत अशी तारीख गाठायची असेल तर संस्था व कुटुंबे महिनाभर आधी जागी होतात. तैलरंगाला तेवढा वेळ पुरत नाही. वरचा थर हाताला कोरडा लागला तरी आतून वाळण्यास काही महिने जातात. हार घालण्याची प्रथा असल्यास ओलसर फुले रंगाला टेकणार नाहीत अशी खोल फ्रेम करून घ्यावी किंवा हार फ्रेमच्या बाहेरून सोडावा. कुंकू-गंध थेट कॅनव्हासवर लावले तर डाग निघत नाही.

पावसाळ्याचा मुलूख

रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पनवेल-उरण पट्ट्यात खाडीची दमट हवा त्यात भर घालते. कॅनव्हास सुती असो वा तागाचा, त्यावर मागच्या बाजूने बुरशी धरते. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये. आतल्या भिंतीवर, खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून मागून हवा खेळेल असे टांगावे. देवघराच्या वर उदबत्ती-निरांजनाचा धूर रंगावर थर धरतो. थेट ऊनही नको. पूर्ण अंधारात मात्र जवसाचे तेल पिवळे पडते, म्हणून तैलचित्र कपाटात कोंडून ठेवणेही अयोग्य.

व्हर्निश सहा महिने ते वर्षभरानंतर द्यायचे असते. त्यासाठी चित्रकाराने परत येण्याचे आधीच ठरवून घ्यावे. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकावी, ओले फडके लावू नये. चित्र परत करण्यापूर्वी मागील बाजूस व्यक्तीचे नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, चित्रकाराचे नाव, माध्यम आणि साल चित्रकाराच्याच हाताने लिहून घ्यावे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हाती समई घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र हळदणकरांचे, आणि त्यासाठी उभी राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी. तरीही ते रविवर्म्यांचे म्हणून सांगणारे आजही भेटतात. घरच्या चित्राबाबत तर दोन पिढ्यांनंतर भिंतीवरची व्यक्ती कोण, हेच विचारावे लागते.